तुरीची डाळ, सासऱ्याची जागा आणि बँकेचा हप्ता : निलंगा तालुक्यातील एका छोट्या दालमिलचे प्रकरण

हे प्रकरण नमुन्याचे आहे. लातूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात घरगुती दालमिल टाकताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येतात, ते एका घरात आणून मांडले आहेत. व्यक्ती आणि गाव त्यामुळे निनावी आहेत. यंत्राच्या किमती, मजुरी आणि विक्रीचे दर हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. आपल्या भागातले दर घालून तो पुन्हा मांडावा. योजनांचे नियम, हमीभाव आणि डाळ तयार करण्याची पद्धत मात्र जशी आहे तशी दिली आहे.

घर आणि इच्छा

बाई ३४ वर्षांची, बारावी पास. चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन आणि तुरीचे आंतरपीक. सातबारा सासऱ्याच्या नावावर, दोन दीर, वाटण्या झालेल्या नाहीत. मोठी मुलगी नववीत. बाई सहा वर्षे बचत गटाची सचिव आहे. तिला बँकेत स्लिप भरता येते, व्यवस्थापकाशी बोलताना ती अडखळत नाही आणि गटाची वही तिच्याच हातची आहे. वर्षातले साधारण १२० दिवस ती दुसऱ्याच्या रानात खुरपणीला जाते. रोजगार ३०० रुपये धरला तर वर्षाचे ३६ हजार होतात.

दालमिल टाकावी असे तिला का वाटले, याचे एकच एक कारण काढू नये. जानेवारीत घरची तूर आडतीवर घालायची आणि जूनमध्ये किराणा दुकानातून डाळ विकत आणायची, हे ती वर्षानुवर्षे बघते आहे. मुलीला अकरावीला लातूरला ठेवायचे आहे. खुरपणीने कंबर गेली आहे. आणखी एक गोष्ट ती फारशी बोलून दाखवत नाही : हातात स्वतःचा पैसा हवा, ज्याचा हिशेब दर वेळी कुणाला द्यावा लागणार नाही.

उद्योजकतेच्या पुस्तकात गरजेतून आलेला उद्योग आणि संधीतून आलेला उद्योग असे दोन कप्पे असतात. इथे दोन्ही एकाच डोक्यात आहेत. कप्प्यापेक्षा त्या इच्छेतून आकाराचा कोणता निर्णय निघतो हे जास्त उपयोगाचे. तिला महिन्याला सात-आठ हजार हवे आहेत, गावात राहून आणि घर सांभाळून. मोठे व्हायची तिला घाई नाही. पुढचे बरेच निर्णय त्यामुळे बरोबर लागले.

त्याच गावात दुसरा एक पदवीधर तरुण आहे. उद्योजकता विकास केंद्राच्या प्रशिक्षणाला दोघे एकाच तुकडीत होते. त्याची ओढ वेगळी. मराठवाड्यात आज शेती करणाऱ्या मुलाला मुलगी मिळणे अवघड झाले आहे. नोकरी नाही तर निदान नावापुढे ‘उद्योजक’ लागावे, रस्त्यावर पत्र्याचे मोठे शेड दिसावे, ही त्याची आणि त्याच्या वडिलांचीही गरज आहे. ती हसण्यावारी नेऊ नये, खरीच आहे. पण त्या गरजेने त्याला २४ लाखांच्या प्रकल्पाकडे ढकलले. त्याचे काय झाले ते पुढे येईल.

प्रेरणा शिकवता येते का

१९६० च्या दशकात डेव्हिड मॅक्लेलंड या मानसशास्त्रज्ञाने आंध्रातील काकीनाडा येथे छोट्या व्यावसायिकांना साध्यप्रेरणेचे, म्हणजे काही साध्य करून दाखवण्याच्या ओढीचे, प्रशिक्षण देऊन बघितले. नंतर भारतातल्या उद्योजकता प्रशिक्षणांत हा भाग कायमचा रुजला. छत्रपती संभाजीनगरला मुख्यालय असलेले महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ चे. तिथल्या वर्गात रिंग फेकायचा खेळ खेळला असेल तर तो त्याच परंपरेतला. खुंटी फार जवळ ठेवणारा आणि फार लांब ठेवणारा, दोघेही कच्चे धरतात. मध्यम अंतर घेऊन चुकत चुकत सुधारणारा पक्का.

काकीनाड्याच्या निष्कर्षातला एक भाग मात्र वर्गात क्वचितच सांगितला जातो. प्रशिक्षणानंतर जास्त हालचाल केली ती मुख्यतः आपल्या धंद्याचा निर्णय स्वतःच्या हातात असलेल्यांनी. ज्यांच्या डोक्यावर दुसरा मालक होता, त्यांच्यात फारसा फरक दिसला नाही. आपल्याकडे हे थेट लागू पडते. निर्णय कुणाच्या हातात हे ठरते सातबाऱ्यावर, ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर (घर-जागेच्या कर आकारणीची नोंद), बँकेच्या पतअहवालात आणि सोयरीक-भावकीत. प्रशिक्षणात टाळ्या वाजवून घरी आलेल्या बाईला पहिला प्रश्न येतो तो जागेचा.

जागा

मिनी दालमिलला यंत्रापुरती जागा थोडीच लागते, दहा बाय पंधरा फुटांची खोली पुरते. अडचण असते वाळवण्याच्या ओट्याची. त्यासाठी आधी प्रक्रिया समजून घ्यावी लागते.

तूर स्वच्छ करून चाळणीने लहान, मध्यम, मोठी अशी वेगळी करतात. मग एमरीच्या, म्हणजे खरखरीत घासणाऱ्या, रोलरमधून एकदा काढून सालीला ओरखडे पाडतात. ओरखडलेल्या तुरीला क्विंटलला २०० ते ५०० ग्रॅम खाद्यतेल चोळून ढिगाने रात्रभर ठेवतात. दुसऱ्या दिवसापासून दोन ते पाच दिवस ऊन दाखवतात. शेवटी क्विंटलला दोन ते पाच लिटर पाणी शिंपडून पुन्हा रात्रभर झाकतात आणि सकाळी भरडतात. साल आकसते, आतला दाणा थोडा फुगतो, दोघांमधला डिंक सैल होतो आणि साल सुटते. पूर्वी घरोघरी तूर भिजवून लाल माती लावून वाळवत आणि जात्यावर भरडत, त्यामागेही तेच तत्त्व होते.

आता ओट्याचा हिशेब. तीन अश्वशक्तीची मिनी दालमिल तासाला १०० किलोच्या आसपास माल घेते. पण तूर एकदा ओरखड्यासाठी आणि निदान एकदा भरडण्यासाठी जाते, मध्ये चाळण आहे, म्हणून सहा तासांत तीनच क्विंटल तूर भरडून होते असे धरावे. प्रत्येक खेप तीन दिवस उन्हात राहिली तर ओट्यावर एका वेळी नऊ क्विंटल तूर असते. क्विंटलभर तुरीचे आकारमान साधारण ०.१२५ घनमीटर, तीन सेंटिमीटर थर दिला तर नऊ क्विंटलला सुमारे ३८ चौरस मीटर, म्हणजे ४०० चौरस फूट लागतात. चालायला, वर-खाली करायला जागा सोडून ५०० ते ५५० चौरस फूट सिमेंटचा ओटा हवा. ओटा २०० चौरस फुटांचा असेल तर यंत्र कितीही मोठे घ्या, रोजची तूर सव्वा क्विंटलच्या पुढे जात नाही. यंत्र विकणारा हे सांगत नाही, कारण तो ओटा विकत नाही.

एवढी मोकळी जागा घरामागे होती, पण सामायिक. सासऱ्यांनी हो म्हटले. धाकट्या दिराने एकच अट घातली : “वहिनी, गिरणी टाकायची ती टाका, पण उद्या वाटणीत ही जागा आमचीच म्हणायचं नाही.” हे वाक्य घराघरात निघते आणि बहुतेक उद्योग इथेच थांबतात. काही घरांत उलटही होते : जागा मिळते, पण कर्ज नवऱ्याच्या नावावर काढायचे ठरते आणि बाई स्वतःच्याच गिरणीत बिनपगारी मजूर होते.

या प्रकरणात तोड निघाली ती भाडेपट्ट्याची. सासऱ्यांनी मुद्रांक कागदावर सुनेला ठराविक जागा सात वर्षांसाठी वापरायला दिली, नाममात्र वार्षिक भाडे लिहिले, दोन्ही दिरांनी संमती म्हणून सह्या केल्या आणि ओटा-शेड काढून घेण्याचा अधिकार सुनेकडे राहील असे कलम घातले. मुदत एक वर्षापेक्षा जास्त असल्याने पट्टा दुय्यम निबंधकाकडे नोंदवला. नुसती नोटरी करून काम भागवणारे खूप असतात. पुढे भांडण झाले की तो कागद टिकत नाही. कर्जाची मुदत पाच वर्षे असेल तर पट्टा त्यापेक्षा लांब हवा, नाहीतर बँकेचा अधिकारी बोट ठेवतो.

ग्रामपंचायतीचे ना-हरकत पत्र लागतेच. शेजाऱ्यांची तक्रार आवाजापेक्षा टरफलाच्या धुरळ्याची असते. पंख्याच्या तोंडाला कापडी पिशवी बांधली आणि गिरणीची वेळ सकाळी आठ ते दोन ठरवली तर ती तक्रार येत नाही.

पत : गटाची, नवऱ्याची आणि स्वतःची

बचत गटाने तिला काय दिले? पैसे थोडेच. गटातून शेकडा दोनने मिळालेले २० हजार, म्हणजे वर्षाला २४ टक्के. ते यंत्राला वापरायचे नसतात, अडीनडीला वापरायचे असतात. गटाने खरी दिली ती ओळख. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, वेळेवर परतफेड आणि अद्ययावत लेखे ही पंचसूत्री सहा वर्षे पाळलेली बाई शाखेत गेली तर तिला बसायला खुर्ची मिळते. या भागात महिलांचे गट रुजले त्याला १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्बांधणीचीही पार्श्वभूमी आहे. घरदुरुस्तीच्या कामात गावोगावच्या बायका संवाद सहायक म्हणून पहिल्यांदा सरकारी अधिकाऱ्यांसमोर बोलू लागल्या. नंतर माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) आणि उमेद (राज्याचे ग्रामीण जीवनोन्नती अभियान) यांचे जाळे आले. अशी सवय एका प्रशिक्षणात लागत नाही.

पण गटाच्या बाहेर तिने मायक्रोफायनान्सचे कर्जही घेतले होते, पाच बायकांच्या जामिनावर. त्यातल्या एकीचे तीन हप्ते थकले. अशा कर्जाची नोंद प्रत्येकीच्या पतअहवालात जाते आणि वसुलीवाला पाचही जणींच्या दारात बसतो. म्हणून अर्जाआधी पतअहवाल काढून बघणे ही पहिली पायरी. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. तिच्या अहवालात एक बंद झालेले कर्ज चालू दिसत होते. ते दुरुस्त करून घ्यायला सव्वा महिना गेला.

नवऱ्याचे पीककर्ज एकेकाळी थकले होते. नियमाने अर्जदार वेगळी आहे, पण शाखा एकच, गाव एकच, आणि अधिकारी विचारतोच. थकीत कर्ज तडजोडीने मिटवले असेल तर पतअहवालात तशी नोंद राहते. अशा वेळी बेबाकी, म्हणजे थकबाकी नसल्याचे, प्रमाणपत्र सोबत ठेवावे आणि लपवाछपवी करू नये.

कोणती योजना, आणि योजनेने धंद्याला दिलेला आकार

दोन वाटा होत्या. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजे पीएमईजीपी, २००८ पासून आहे. उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो. ग्रामीण भागात महिला आणि इतर विशेष प्रवर्गांना ३५ टक्के, सर्वसाधारण प्रवर्गाला २५ टक्के अनुदान. स्वतःचा हिस्सा अनुक्रमे ५ आणि १० टक्के. उद्योग नवाच हवा, आणि पती-पत्नी मिळून एकालाच लाभ. दुसरी वाट सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेची, म्हणजे पीएमएफएमई, २०२० ची. तिच्यात ३५ टक्के, कमाल १० लाख अनुदान आणि स्वतःचा हिस्सा निदान १० टक्के. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटाच्या प्रत्येक सदस्याला ४० हजारांपर्यंत बीजभांडवल ही तिच्यातली उपयोगी बाब. ते खेळत्या भांडवलाला आणि छोट्या अवजारांना चालते.

तिने पीएमईजीपी घेतली. कारण साधे : हिस्सा ५ टक्के आणि खेळते भांडवल प्रकल्पातच धरता येते. अर्ज ऑनलाइन भरला, जिल्हा उद्योग केंद्राकडून बँकेकडे गेला, मंजुरीनंतर प्रशिक्षण झाले आणि मग पहिला हप्ता सुटला. अनुदान हातात येत नाही. ते कर्जदाराच्या नावाने तीन वर्षे मुदत ठेवीत राहते, त्यावर व्याज मिळत नाही आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही. तीन वर्षांनी उद्योग जागेवर चालू आहे असे तपासून ते कर्जात वळते होते. “३५ टक्के माफ” असे सांगणारा एजंट हे तीन वर्षांचे कलम गिळून टाकतो. त्याच्या टक्केवारीचा खर्च प्रकल्प अहवालात कुठेच दिसत नाही, आणि तो भागवायला कोटेशन फुगवले जाते. फुगवलेल्या कोटेशनवर घेतलेल्या कर्जाचे व्याज पाच वर्षे आपणच भरतो.

तिचा पहिला अहवाल ४ लाख ८० हजारांचा होता. त्यात १ लाख २० हजार शेडला, आणि कामाचे दिवस ३०० धरलेले. इथे प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्यांची जुनीच खोड दिसते : यंत्राची ताकद गुणिले ३०० दिवस. तूर येते डिसेंबर-जानेवारीपासून, वाळवायला कडक ऊन मिळते फेब्रुवारी ते मे. मृग निघाला की ओटा बंद. म्हणजे तुरीचे दिवस फार तर १००. त्यातही अवकाळी आहेच. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात झालेली गारपीट शेतकऱ्यांच्या अजून डोळ्यांपुढे आहे.

१०० दिवस गुणिले तीन क्विंटल म्हणजे ३००. पहिल्या वर्षी त्याच्या ६० टक्के, १८० क्विंटल धरू. यातली १५० क्विंटल लोकांची तूर भरडाईवर, ३० क्विंटल स्वतःची खरेदी. भरडाई किलोला ५ रुपये, म्हणजे क्विंटलला ५००. त्यातून वीज, तेल, एका बाईची मजुरी आणि रोलरची झीज मिळून २१० जातात, उरतात २९०. हे झाले ४३,५००.

स्वतःच्या डाळीचा हिशेब जरा बारकाईने बघावा. तुरीचा भाव २०२५-२६ चा हमीभाव धरू, क्विंटलला ८,००० रुपये. उतारा, म्हणजे तुरीतून निघणारी डाळ, ७० टक्के आला तर ७० किलो डाळ १३० रुपयांनी ९,१००, चुनी (डाळीचा चुरा) १४ किलो २२ रुपयांनी ३०८, टरफल १२ किलो ८ रुपयांनी ९६. एकूण ९,५०४. तूर आणि ६५० रुपये सर्व खर्च वजा जाता उरतात ८५४. आता उतारा ६५ टक्क्यांवर घसरला असे धरा. डाळ ८,४५०, चुनी वाढून १९ किलो म्हणजे ४१८, टरफल ९६, एकूण ८,९६४. उरतात ३१४. उताऱ्यात पाच टक्के गेले की नफ्यातले ६० टक्क्यांहून जास्त गेले.

३० क्विंटलचे २५,६०० आणि भरडाईचे ४३,५०० मिळून ६९ हजारांच्या आसपास. ४ लाख ८० हजारांच्या प्रकल्पात व्याज लागणारे कर्ज २ लाख ८८ हजार. ११ टक्के, पाच वर्षे धरून महिन्याचा हप्ता ६,२६० रुपये, वर्षाचे ७५ हजार. कमाईपेक्षा हप्ता मोठा. अहवाल बँकेत पास झाला असता आणि घर बुडाले असते.

म्हणून दुसरा अहवाल केला. शेड काढून टाकले, यंत्र घराच्या पडवीत घेतले. दालमिल आणि चाळणी १ लाख ५० हजार, पल्व्हरायझर (मसाला-पीठ दळायचे यंत्र) ४५ हजार, ओटा ४५ हजार, वीजजोडणी २० हजार, काटा आणि सीलिंग यंत्र १५ हजार, खेळते भांडवल ७५ हजार. एकूण साडेतीन लाख. स्वतःचा हिस्सा १७,५००, अनुदान १,२२,५००, व्याजाचे कर्ज २ लाख १० हजार, हप्ता ४,५७० च्या आसपास, वर्षाचा ५५ हजार. पल्व्हरायझरने वर्ष भरले : एप्रिल-मे मध्ये मिरची-मसाला, पावसाळ्यात थोडेफार पीठ, सप्टेंबर-ऑक्टोबरात मूग-उडदाची भरडाई, दिवाळीला बेसन. हरभरा मार्चपासून येतो, त्याची डाळ तुरीपेक्षा सोपी, तेलाची गरज नाही. या सगळ्याचे मिळून ४२ हजार धरले तर वर्षाचे १ लाख ११ हजार, आणि हप्ता जाऊन ५६ हजार. महिन्याला ४,७०० रुपये. तिने मनाशी धरलेल्या आकड्यापेक्षा हे कमी आहे, खुरपणीपेक्षा जास्त. शिवाय तिची स्वतःची मजुरी यात खर्च म्हणून धरलेलीच नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

विजेचा एक मुद्दा. गावठाणाच्या फिडरवर बऱ्याच ठिकाणी सिंगल फेज असते आणि शेतीच्या फिडरवरची थ्री फेज पाळीपाळीने येते, कधी रात्री. डाळ सकाळी भरडायची तर त्याचा उपयोग नाही. म्हणून मोटार निवडण्याआधी आपल्या रोहित्रावर काय उपलब्ध आहे ते वायरमनला विचारावे. तिने सिंगल फेजची मोटार घेतली.

यंत्र सुरू झाल्यावर बिघडते ते

पहिल्या पंधरवड्यात उतारा ६२ ते ६४ टक्के येत होता. कारण एक नव्हते. लोकांची तूर मिसळीची होती : बदनापूर संशोधन केंद्राची पांढरी बीडीएन ७११ आणि लाल बीएसएमआर ७३६ एकाच पोत्यात. सालीची जाडी आणि दाण्याचा आकार वेगळा, त्यामुळे एकाच फटीतून बारीक दाणा सालीसकट निघतो आणि जाड दाण्याचे तुकडे होतात. मग प्रत्येक पोत्याची आधी पाच किलोची चाचणी खेप काढायला सुरुवात झाली. मालकासमोर वजन करून उतारा वहीत लिहायचा. वाद निम्म्यावर आले.

दुसरे कारण घाईचे. तूर पुरती वाळली की नाही हे ओलावा मोजायचे यंत्र नसतानाही कळते : दाणा दाताखाली दाबला की कट्ट वाजून दोन फाका झाल्या पाहिजेत. चेपला, चिवट लागला तर आणखी एक ऊन. मूठभर दाणे तळहातावर जोराने चोळले आणि साल सुटून हातावर राहिली तर भरडायला हरकत नाही. तेल जास्त झाले की उलटेच होते : चाळणीची भोके बुजतात, डाळीवर टरफलाची पूड चिकटते आणि दोन महिन्यांत वास येतो. एमरी गुळगुळीत झाली की दाणा तापतो आणि कडा झिजून पीठ जास्त पडते. पिठाचे प्रमाण रोज लिहीत गेले तर रोलर कधी बदलायचा ते वहीच सांगते.

चुनी आणि टरफल कुणाचे, हे पहिल्या दिवशीच बोलून घ्यावे. इथे चुनी ग्राहकाची आणि टरफल गिरणीचे असे ठरले, कारण ग्राहकाच्या दारात म्हैस आहे.

माणसे : गिऱ्हाईकही तीच, उधारीही त्यांचीच

पहिली चाळीस पोती गटातल्या बायकांच्या घरातून आली. जाहिरात, पाटी काही लागले नाही. पण याच ओळखीतून डाळ उधारीवर जाऊ लागली. नणंदेला नाही म्हणता येत नाही, गटाच्या अध्यक्षाला तर नाहीच. ७५ हजारांच्या भांडवलात जेमतेम नऊ क्विंटल तूर येते. त्यातले २० हजार उधारीत अडकले की खरेदी थांबते. तिने नियम केला : तूर द्या, डाळ न्या. नातेवाईकाला उधार हवीच असेल तर ती गटाच्या अंतर्गत कर्जातून मिळेल, गिरणीतून नाही. गटाच्या बैठकीत ठराव लिहून घेतल्यामुळे वाईटपणा तिच्या एकटीवर आला नाही. ओळखीने निर्माण केलेला प्रश्न ओळखीच्याच संस्थेकडे परत पाठवायची ही युक्ती कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नाहीत.

बाहेरच्या विक्रीत लातूर मोठे आव्हान आहे. तिथल्या दालमिलची सॉर्टेक्स केलेली (यंत्राने रंगावरून निवडलेली) चकचकीत ‘फटका’ डाळ आणि घरची मळकट पिवळी डाळ शेजारी ठेवली तर दुकानदार दुसरी उचलत नाही. ती डाळ खपते ती लातूर-उदगीरच्या नोकरदार वसाहतींत, विनापॉलिश गावरान म्हणून, एक-दोन किलोच्या पाकिटात. अन्नसुरक्षेची नोंदणी सुट्या डाळीलाही लागते; पाकीट केले की वजन-किंमत-तारखेचे लेबल आणि, जुलै २०२२ पासून, २५ किलोपर्यंतच्या लेबल लावलेल्या पाकिटावर ५ टक्के जीएसटीचा प्रश्न येतो. नोंदणीची उलाढाल मर्यादा ओलांडली तरच तो भरायचा. तालुक्यातल्याच बोरसुरीच्या तूरडाळीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणून कुणीही पाकिटावर ते नाव छापू नये. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद झाल्याशिवाय तो हक्क मिळत नाही.

आता तो तरुण. २४ लाखांत दिवसाला २० क्विंटलची मिल, शेड, पाटी, सगळे उभे राहिले. रोज २० क्विंटल तूर म्हणजे रोज १ लाख ६० हजार रुपये. खरेदी, वाळवण, विक्री आणि उधारी वसूल होईपर्यंत २० दिवस धरले तर फिरते भांडवल ३२ लाख लागते, प्रकल्पापेक्षा जास्त. कॅश क्रेडिटला, म्हणजे खेळत्या भांडवलाच्या कर्जाला, बँकेने तारण मागितले, जमीन वडिलांच्या नावावर आणि आधीच बोजा चढलेली. मग आडत्याची उचल घेतली. उचल घेतली की माल त्याच्याच मार्फत, त्याच्याच भावाने. २०२४ च्या मध्यात १० हजारांच्या वर असलेली तूर २०२५ च्या सुरुवातीला ७,५५० च्या तेव्हाच्या हमीभावाच्या आसपास आणि त्याखालीही आली. वर असताना भरलेला साठा खाली आल्यावर विकावा लागला. चिकाटीत तो कमी नव्हता. सकाळी सहाला शेडवर असायचा. पण त्याच्या धंद्यातला खरेदीचा आणि विक्रीचा निर्णय दुसऱ्याच्या हातात गेला होता, आणि मग काकीनाड्यात दिसले तेच इथे दिसले.

लातूरमध्ये धंद्याच्या भांडवलाला आणखी एक स्पर्धक आहे, तो म्हणजे शिकवणी. हातात दीड-दोन लाख आले की घर ते नीटच्या क्लासला आणि वसतिगृहाला लावते. त्याला चूक कोण म्हणेल? बाईच्या घरातही हाच पेच आहे. तिसऱ्या वर्षी मुलगी अकरावीला जाईल आणि त्याच सुमारास रोलर, पट्टे, मोटार यांचा मोठा खर्च येईल. म्हणून दरमहा ७०० रुपये गिरणीच्या नावाने वेगळ्या आवर्ती ठेवीत टाकायला तिने सुरुवात केली आहे. ते खाते घराच्या पासबुकाशी जोडलेले नाही.

तीन वर्षांनी तपासणीला माणूस येईल तेव्हा यंत्रावरचा क्रमांक आणि बिलावरचा क्रमांक जुळला पाहिजे, उद्यम नोंदणी चालू हवी, वीजबिले सलग हवीत, योजनेचा फलक दिसेल असा लावलेला हवा आणि गिरणी पट्ट्यात लिहिलेल्या जागेवरच हवी. मधल्या काळात भावकीने जागा हलवायला लावली तर आधी बँकेला लेखी कळवून परवानगी घ्यावी लागते. ती घेतली नाही तर १,२२,५०० चे अनुदान परत जाऊ शकते आणि तेवढे कर्ज व्याजाला लागते. धाकट्या दिराने यंदा घर बांधायला काढले आहे, आणि त्याच्या पायाची आखणी ओट्याच्या दोन फूट आत येते. पट्ट्याची नोंदलेली प्रत, जागेच्या चारही बाजूंच्या मापांसह, या आठवड्यात बाहेर काढावी लागणार आहे.